सुईवरचं टोपडं

विणायला शिकायचंय म्हणून पोरी माझ्याकडे येतात, त्या दातओठ खातच येतात. सुया अशा आवळून धरतात की कुणी हिसकावून नेणार आहे. मी आधी ओरडतेच. अगो, हात सोड की! पहिली ओळ घट्ट घातलीस तर दुसऱ्या ओळीत सुई आत शिरायची नाही. आणि पहिल्यांदा करायचं काय, तर टोपडं. स्वेटर-बिटर नको. एक सरळ पट्टी घ्यायची, सगळे टाके सुलट, उलट टाक्याचं नावसुद्धा काढायचं नाही. बाळाच्या एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत पोचेल एवढी लांब झाली की टाके बंद करायचे. मधोमध दुमडून एक बाजू शिवली की डोक्याचा मागचा भाग झाला, खाली नाडी ओवली की टोपडं झालं. दोन-चार दुपारींचं काम आहे, त्यात घाम फुटण्यासारखं काही नाही.

माझं पहिलं टोपडं मात्र सबंध पावसाळा सुईवर होतं, आणि त्या पावसाळ्यात मी भीतीनं अर्धी झाले.

ही तीस सालानंतरची गोष्ट, एखाददुसरं वर्ष इकडे तिकडे. मी नुकती लग्न होऊन चिपळुणाहून रत्नागिरीला आले होते. घरात सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई. आमचे ‘हे’ मुंबईला नोकरीला. बायको शाळेत विणकाम शिकलीय ह्याचं ह्यांना कोण कौतुक! पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या आगबोटीनं त्यांनी पांढऱ्या लोकरीच्या चार लडी धाडल्या. सासूबाईंनी त्या हातात घेऊन पाहिल्या नि म्हणाल्या, “इथे माणूस घामानं निथळतोय आणि ह्यानं लोकर पाठवलीय. अक्कल काय बोटीत विसरला?”

जाऊबाईंना तेव्हा पाचवा महिना होता. त्यांची आधीची दोन्ही मुलं आठवड्याच्या आत गेली होती. त्यामुळे ह्या खेपेला घरात त्या विषयावर बोलायचंच नाही असा दंडक. ‘बाळ’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. जन्माआधी त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, विणायचं नाही, पाळणा माळ्यावरून काढायचा नाही. मूल झालं की मग सासूबाई आपलं जुनं लुगडं फाडणार आणि त्यात ते गुंडाळणार. आधी तयारी केली की सटवीची नजर पडते, असं तेव्हा घरोघरी मानायचे. आमच्या घरात तर तो वज्रलेपच होता.

अशात एका दुपारी, सासूबाई आडव्या झालेल्या असताना, जाऊबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “मला विणायला शिकव. टोपडं करायचंय.”

“जाऊबाई, भलतंच काय बोलताय? उद्या काही झालं तर सगळे माझ्या नावानं खडे फोडतील. नवी सून आली नि मागोमाग घरात लोकर आली, म्हणतील.”

“आपण पुरं करायचंच नाही,” त्या म्हणाल्या. “सुईवर आहे तोवर ती नुसती लोकर. टाके बंद केले तर ती वस्तू. टाके बंद नाही करायचे, झालं.”

म्हणजे ह्या सटवीलाच फसवायला निघाल्या होत्या! मला नाही म्हणवेना. त्यांच्या डोळ्यांकडे बघून कुणालाच म्हणवलं नसतं.

लोखंडी सुया पावसात गंजतात आणि पांढऱ्या लोकरीवर तांबडे डाग पडतात, म्हणून मी बांबूच्या काड्या तासून घेतल्या. काचेच्या तुकड्यानं खरवडल्या, खोबरेल चोळलं आणि दोन दिवस पुसत बसले, नाहीतर लोकर तेलकट व्हायची. घरी सुया करायच्या तर अशाच कराव्या, अजूनही सांगते. जाऊबाईंचा हात चांगला बसला. लांबी पुरी होत आली की आम्ही निम्मं उसवायचो आणि पुन्हा विणायचो. उसवलेली लोकर कुरळी होते. ती पाटाला गुंडाळून ओली करायची आणि ताणलेलीच सुकवायची, की पुन्हा सरळ. पण त्या दिवसांत ऊन कुठलं? न्हाणीघरात पाणी तापवायच्या चुलीवर एक फळी होती, तिच्यावर आम्ही लोकर नि ते विणकाम पत्र्याच्या डब्यात लपवून ठेवायचो. सगळ्या घरात कोरडी अशी तेवढीच जागा होती.

विणता विणता मधेच त्यांचे हात थांबायचे. डोळे मिटून बसायच्या. मी घाबरून विचारायची, “हलतंय ना?” मान हलली की माझा जीव भांड्यात पडायचा. मग पुन्हा टाके. रात्री अंथरुणावर पडले की मला वाटायचं, आज टोपडं जरा जास्तच टोपड्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चार ओळी जास्त उसवायची.

आणि व्हायचं ते झालंच. एकदा सासूबाईंनी राख काढताना डबा खाली घेतला. मी दारातच उभी होते.

“हे काय गो?”

“चहाच्या किटलीला टोपी,” माझ्या तोंडून निघून गेलं. “चहा गरम राहतो. शाळेतल्या बाईंनी दाखवली होती.”

त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. डब्यात वळून ठेवलेली नाडी बोटाशी धरली. “किटलीच्या गळ्याला नाडी बांधतात वाटतं मुंबईत,” म्हणाल्या, आणि डबा होता तिथे ठेवून दिला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गप्प बसल्या, त्यामुळे माझी झोपच उडाली. त्यांना कळलंय, आणि आता काही वेडंवाकडं झालं तर त्यांना पक्कं ठाऊक असणार कुणामुळे, हेच डोक्यात.

गौरी-गणपती आटोपले आणि एका सकाळी जाऊबाईंना कळा सुरू झाल्या. आठवा लागला होता फक्त. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. सुईण आली, दार बंद झालं. बाहेर धो धो पाऊस. मी चुलीपाशी पाणी तापवत बसले. केलंस ना गो, केलंस ना, असं स्वतःलाच बोलत होते.

दुपारी आतून रडणं ऐकू आलं, मांजराच्या पिलाएवढं. मुलगी होती. सुईण म्हणाली, “पोर गार पडतंय. कापसात गुंडाळा, डोकं आधी झाका.” कापूस दमट. जुनं लुगडं दमट. दोरीवरचं धोतर तर हाताला ओलंच लागत होतं. सासूबाई बाहेर आल्या, तोंड पांढरंफटक.

“ती किटलीची टोपी आण.”

मी डबा घेऊन आले. “पण सासूबाई, टाके बंद केलेले नाहीत. बंद केले तर...”

“अगो, पोर हातची चाललीय! कर बंद. सटवीचं मी बघून घेईन.”

टाके बंद करताना सगळ्यांचाच हात घट्ट होतो, तेव्हा जाड सुई घ्यावी, हे मी आज शहाणपणानं सांगते. त्या दिवशी सुई कुठली नि काय कुठलं, काही दिसत नव्हतं. दोन टाके निसटले, कडेला भोक पडलं. मी उचलायला गेले तर सासूबाईंनी ते तसंच ओढून घेतलं, भराभर बाजू शिवली आणि आत धावल्या. चुलीवरच्या फळीची ऊब त्यात अजून होती. तोंडात देवाचं एक नाव नीट येईना माझ्या. भिंतीला टेकून नुसती उभी राहिले.

मुलगी त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी सटवीची पूजा झाली तेव्हा कुणी कुणाकडे बघेना. शेगडी विझू द्यायची नाही, टोपडं काढायचं नाही, एवढंच. बोळ्यानं दूध पाजता पाजता एक दिवस ती स्वतः ओढायला लागली. मग बारसं झालं, आगबोटी सुरू झाल्या, भोपळ्यासारखे तिचे गाल भरले, आणि तरी आम्ही हळूच बोलायचो.

एका दुपारी जाऊबाई तिच्या डोक्यावरून टोपडं ओढत होत्या. पोर वाढली होती, ते कानावर येईना.

“तुला ठाऊक आहे का,” त्या म्हणाल्या, “आधीच्या दोघांच्या अंगावर माझ्या हातचं काही नव्हतं. फाटक्या लुगड्यात नेलं त्यांना. म्हणून म्हटलं, हिला तरी... जाताना डोक्यावर काहीतरी असू दे.”

मी इतके महिने समजत होते, ह्यांना आशा आहे आणि भीती मला.

त्यांनी डोळे पुसले. टोपडं बाजूला ठेवलं, डब्यातली उरलेली लोकर काढली आणि सुया हातात घेतल्या. “वर्षाच्या पोरीला किती टाके लागतील?”

वर्षाची! त्या घरात असं कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. माझी नजर गेली ती थेट दाराकडे. सासूबाई सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्यावर निवडत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

“दोन वर्षांची धर,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “लोकर धुतली की आटते.”