फवारणीच्या पंपाचं विमान

धुकं असं दाटलं होतं की धसईची पहिली एसटी नुसती ऐकू आली. सारिका हातात जुने मोजे चढवून भेंडी तोडत होती. पानं उलटावीत तर खाली माव्याची कीड. आज निंबोळी अर्क मारला नाही तर पुढचा तोडा व्यापारी हातात धरणार नव्हता. आणि पंपाचं इंजिन तिच्या नवऱ्यानं विमानाला लावलं होतं.

किशोरनं मुरबाडचे कारखाने धरले नि सोडले. दर ठिकाणी म्हणे साहेबच अडाणी. आता थर्माकोलचं, दाराएवढ्या पंखांचं विमान. इंजिन एका कडीत बसवलेलं. कडी फिरली की पंख्याचा जोर कधी वर, कधी बाजूला. मग विमान भलतीकडेच वळून मागच्याला चकवणार.

"मागं कोण लागनार हाय?" सारिकानं विचारलं होतं.

"शत्रू."

"तुमचा? सावकाश चाला, सापडाल तरी त्याला."

उन्हानं धुकं उठलं तसं माळावर विमान सुटलं. निघताना सासऱ्यानं, कमळूनं, शेपटीला लिंबू-मिरची बांधली. विमान वर गेलं, तोच एक घार त्यावर झेपावली. विमान डावीकडे कललं, बुडालं, पुन्हा उसळलं. घार कंटाळून निघून गेली.

"चकवली का नाय?" किशोर छाती काढून म्हणाला, तोवर विमान शेणाच्या खड्ड्यात शिरलं.

सारिका आधी पोचली, ती इंजिनासाठी. कडीला हात लावला तर ओघळलेल्या गोंदानं गच्च चिकटलेली. लिंबाची माळ मात्र शेपटीच्या हलत्या फळीत अडकून लोंबत होती.

"तुमची कडी हाललीच नाय. बाबांच्या लिंबानं हिसके दिले."

"म्हंजे दृष्ट लागली नाय," कमळू खूश झाला.

किशोरनं जरा विचार केला. "लिंबू पन मंग डिझाइनमधीच धरायचा."

सारिका त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाला शरम नावाचा भागच बसवला नव्हता. तिनं शेण पुसून इंजिन सोडवलं, त्याच्याकडूनच पंपाला जोडून घेतलं, टाकी भरली.

"उचला."

"अगो, दुपारी..."

"मावा दुपारी थांबनार हाय?"

किशोरनं पंप पाठीवर घेतला, दोरी ओढली. पहिल्या झटक्याला इंजिन सुरू झालं नाही. दुसऱ्याला झालं. तोंडाला फडकं बांधून तो भेंडीच्या ओळीत शिरला.

"खालून मारा," सारिका मागनं ओरडली, "पानांच्या खालून."