समोर खेळणारा भाचा

अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात माझ्या भाच्याइतका रागीट माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याला अजून कुणी फुटबॉल दिलेला नसेल. माझी थोरली बहीण सौंदडला दिलेली. घरी धानाची शेती, आणि सासरच्या पूर्वजांनी बांधलेली एक बोडी, म्हणजे लहानसा तलाव. उन्हाळ्यात बोडी आटली की तिच्या तळात हा पोरगा चेंडू लाथाडत असे. चेंडू भेगेत अडकला की भेगेवर रागवायचा. वासरू मध्ये आलं तर वासराला समोर उभं करून सुनवायचा. वाऱ्यानं चेंडू उडवून नेला की वाऱ्याकडे तोंड करून तो जे काही बोले, त्यानं बोडीच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, जाणाऱ्या बाया झपाझप पावलं उचलीत. गोल झाल्यावर तरी शांत होईल म्हणावं, तर नाही. गोल करून हा पास देणाऱ्याच्याच मागे धावायचा, "उशिरा काऊन देल्ला बे?"

पुढे शाळेसाठी तो गोंदियाला माझ्याकडे राहायला आला. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांची कटकट ऐकणाऱ्या माणसाला घरीही तेच मिळू लागलं. त्याच्या मते त्याचा डावा पाय आळशी होता. त्याला वळण लावायचं म्हणून घरातली कामं तो डाव्या पायानं करी. दार डाव्या पायानं ढकलायचं, बादली डाव्या पायानं सरकवायची. एकदा माझी बायको स्वयंपाकघरातून आली तर हा भिंतीला टेकून डाव्या अंगठ्यानं पंख्याचं बटण दाबायच्या खटपटीत. ती ओरडली, तसा हाच तिच्यावर उखडला, "थांब ना मामी, पाय शिकून राहिला!" आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. सणावारी मी वाकलो की हा नजर घड्याळाकडे लावून उभा, "आटपा मामा, मी प्रॅक्टिसले जाऊन राहिलो." अशी घाई झालेला देव मी दुसरा पाहिला नाही.

पण खेळायचा मात्र असा की पाहत राहावं. बचाव करणाऱ्या दोघांच्या मधून तो कधी निसटायचा ते त्या दोघांनाही कळत नसे. विशीच्या आतच एका मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबनं त्याला करारावर घेतलं. आम्ही सगळे दुकानातल्या टीव्हीपुढे जमलो. सामना सुरू झाला, संपला. भाचा बाकावर बसलेला. असे कित्येक सामने गेले. क्लबनं परदेशातून एक पोक्त गोलकर्ता आणला होता. तो मैदानात फिरायला आल्यासारखा चाले आणि चेंडू पायाजवळ आला नाही तर हात पसरून आभाळाकडे बघे. त्याला समोर, म्हणजे आघाडीला, ठेवून आमच्या पोराला आधी कडेला उभा केला, आणि नंतर चक्क मागे, बचावात! कारण काय, तर "पळतो चांगला". अरे, पळतो चांगला म्हणून समोर ठेवा की! गोल करायला बाहेरचा माणूस आणि त्याच्या मागे धावायला आमची पोरं, हा हिशेब कोणत्या शहाण्यानं मांडला? मी टीव्हीसमोर इतका ओरडलो की गिऱ्हाईक पंक्चरलेली सायकल तशीच ढकलत घेऊन गेलं.

मग सरावात त्याचा गुडघा गेला. एका दुपारी फोन आला. आवाज नेहमीसारखाच तापलेला.

"मामा, हे लोक मले दुखणं दाबायची सुई घेऊन खेळ म्हणून राहिले."

"डॉक्टर काय म्हणते?"

"डॉक्टर क्लबच्या साहेबाच्या तोंडाकडे पायते. साहेब म्हणते, एवढा सामना खेळून टाक."

"मग तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, गुडघा माहा आहे. तुमची सुई तुमीच घ्या!"

हे तो सगळ्या चमूसमोर म्हणाला होता. आयुष्यभर भेगांवर, वासरांवर, वाऱ्यावर वाया घालवलेला राग त्या दिवशी पहिल्यांदा योग्य माणसावर निघाला, आणि नेमकी त्याचीच शिक्षा झाली. हंगाम संपताच क्लबनं त्याला मोकळं केलं. त्याला सांगण्याआधी जगाला सांगितलं, इंटरनेटवर हात जोडल्याचं चित्र टाकून, पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन. माझ्या बहिणीला ही बातमी किराणा दुकानात कळली. ज्या पायांवर मी दर सणाला डोकं टेकवलं, त्यांची किंमत त्या लोकांना काडीची नव्हती. आजही ते चित्र आठवलं की मी हातातला नट गरजेपेक्षा जास्त आवळतो.

नागपूरला ऑपरेशन झालं आणि भाचा सौंदडला येऊन पडला. भेटायला येणारे सल्ले घेऊन येत. एकजण म्हणाला, "बाबू, आता कुठं नोकरीगिकरी पाय." भाच्यानं कुबडी उचलून त्याला दार दाखवलं. त्याचे वडील, आमचे भाऊजी, तेवढे कुदळ घेऊन शेताकडे निघून जात. तसेही ते कमीच बोलतात. उन्हाळी धानाच्या वेळी मी गेलो तर घरामागची सगळ्यात चांगली बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, रिकामी. धसकटं उपटून, ढेकळं फोडून, पाणी मारून जमीन सपाट केलेली. मी विचारलं, "भाऊजी, इथं कायले नाही लावला?" ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पोट्ट्याले पळायले लागते ना." भाचा यावरही भडकला, चांगला धान बुडवला म्हणून बापाशी भांडला. आणि रोज पहाटे त्याच बांधीत आधी लंगडत, मग चालत, मग पळत राहिला.

यंदा डोंगराळ मुलखातल्या एका लहान क्लबनं त्याला घेतलं. तिथल्या म्हाताऱ्या प्रशिक्षकानं विचारलं, "कुठे खेळतोस?" हा म्हणाला, "समोर." तेवढ्यावर त्याला समोर ठेवला. गाड्या बदलत मी सामना पाहायला गेलो. मोजकी माणसं, कडाक्याची थंडी. पहिल्याच अर्ध्यात त्यानं गोल केला, तोही डाव्या पायानं. मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली.

शेवटी शेवटी त्याच्यासाठी एक लांब चेंडू आला. असले चेंडू तो पूर्वी हसत गाठायचा. धावला, अर्ध्या वाटेत थांबला. चेंडू रेषेबाहेर गेला. आता बरसणार म्हणून मी वाट पाहत होतो, तर यानं पास देणाऱ्याकडे बघून टाळी वाजवली.

सामन्यानंतर तो कुंपणापाशी आला. मीच चिडून म्हटलं, "कसा पास देल्ला रे त्यानं?"

"नाही मामा, पास चांगला होता," तो शांतपणे म्हणाला. "मीच पोचलो नाही."

आणि मी जेवलो का, ते विचारू लागला.