पालकांचा मान ठेवण्याचं वाक्य

बडनेऱ्याच्या एका शाळेत मी शिक्षणसेवक होते. तीन वर्षं पुरी व्हायला चार महिने उरले होते आणि कायम होण्याचा कागद मुख्याध्यापकांच्या सहीसाठी थांबला होता.

त्याच दिवसांत माझ्या आठवीतली एक मुलगी परिपाठाला प्रतिज्ञा म्हणताना मध्येच गप्प व्हायला लागली. हात पुढे, मान ताठ, पण पालकांचा मान ठेवण्याचं वाक्य आलं की तिचे ओठ मिटायचे. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "काहून म्हणत नाहीस?"

"बाबा आईले मारते, मॅडम. मी त्यायचा मान कसा ठेवू? हात पुढं करून खोटं बोलू काय?" मग म्हणाली, "कोणाले सांगू नका."

दोनच दिवसांत मुख्याध्यापकांनी तिचं गप्प होणं हेरलं. "देशाची प्रतिज्ञा आहे, म्हणावीच लागते. तिच्या बापाले बोलवा. चिठ्ठीवर तुमी सही करा."

माझे थोरले दीर अकोल्याला वकिली करतात. संध्याकाळी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मागं एका शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी काही पोरं नुसती आदरानं उभी राहत, म्हणत नसत. शाळेनं काढलं, तं सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं. प्रतिज्ञेवरचा निकाल माझ्या पाहण्यात नाही, पण हाच न्याय लागावा. सांग ना तुया साहेबाले."

"मी सांगू?"

मी फोन ठेवला.

चिठ्ठी मी बापाऐवजी आईच्या नावानं लिहिली. माझं धाडस तेवढंच. दुसऱ्या दिवशी आई आली, पदरानं गाल झाकून. मुख्याध्यापकांनी मुलीलाही खोलीत बोलावलं. खरं कारण तिलाही सांगता येईना, मलाही. मुख्याध्यापक म्हणाले, "कायद्यानं म्हणावंच लागते." असा कायदा नसावा, हे मला दिरांकडून कळलं होतं. मी नुसती उभी राहिले.

"म्हण ना माय," आई मुलीला म्हणाली. "तुयं काय जाते? घरी समजलं तं..." पुढचं तिनं गिळलं.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या काचेकडे पाहत होते. तिनं हात पुढे केला आणि पूर्ण प्रतिज्ञा मोठ्यानं, न अडखळता म्हटली.

"येते की," मुख्याध्यापक म्हणाले.

मी कायम झाले. ती दहावीपर्यंत रोज सगळी वाक्यं म्हणत राहिली. माझ्याशी मात्र विचारलं तेवढंच बोलायची. एकदा राजापेठेत मायलेकी दिसल्या. आईनं हात जोडले. मुलगी दुकानातल्या वह्या पाहत राहिली.