रेडिओवरचा चेहरा

फुलसावंगीच्या बाजारात एक नकलाकार यायचा. नाव कोणी विचारलं नाही. तो बोलत नसे, नुसते चेहरे करायचा. बैलबंडीतल्या कापसात हात घालून नाक मुरडणारा व्यापारी त्यानं केला की खरे व्यापारीसुद्धा हसायचे. तो स्वतः कधी हसला नाही.

एकदा त्याला नागपूरला रेडिओवरच्या करमणुकीच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून बोलावलं. ध्वनिमुद्रण आटोपून तो परतला आणि कार्यक्रमाच्या संध्याकाळी पंचायतीच्या रेडिओसमोर आमच्यातच येऊन बसला. रेडिओचे कान पिळण्याचं काम माझ्याकडे होतं. निवेदकानं त्याचं कौतुक केलं आणि रेडिओ गप्प झाला. मला वाटलं, बॅटरी बसली.

तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "आता तो कापसात हात घालून राह्यला."

सगळे हसले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता मुरडलं नाक." लोक पोट धरून हसले. रेडिओ अजून गप्पच होता.

कार्यक्रम संपल्यावर तो धोतर झटकत उठला.

"तिथं मले पाहून कोणी हसलं नाही," तो मला म्हणाला. "इथं न पाहता हसले."

हे सांगताना त्यानं कुठलाच चेहरा केला नाही.