मंगळवारची टाळी

माघातली सकाळ. खाडीवरून चढलेलं धुकं गल्लीत घट्ट बसलं होतं, आणि लूमच्या कारखान्यांतून उडालेला कापूस त्यात असा मिसळला होता की धुकं कुठलं आणि कापूस कुठला ते नाकालाच कळावं. मोरीपाशी उकिडवी बसून सुमती निवटे साफ करत होती. सासूनं, ठकुबाईनं, तांबडं फुटताच अंजूरहून रिक्षानं परत येऊन डबाभर जिवंत निवटे तिच्या पुढ्यात ओतले होते. निवटा म्हणजे चिखलातला मासा. अंगानं बुळबुळीत, स्वभावानं उंडगा. राखेत घोळल्याशिवाय हातात ठरत नाही, आणि परातीत ठेवला तर परातीत राहीलच असं नाही.

हात राखेनं भरलेले, म्हणून सुमतीनं कानामागची चकती आणि कमरेची डबी काढून फडताळात ठेवली होती. म्हणजे या घटकेला ती ठार बहिरी होती. सकाळपासूनचा तेवढाच वेळ बरा चालला होता.

ठकुबाईनं खांद्याला धरून तिला हलवलं आणि तोंड मोठं करून म्हणाली, "सुमते, मशीन लाव! पावनी येतील आता."

ओठ वाचून सुमतीनं मान हलवली आणि निवटा पुन्हा राखेत लोळवला. पाहुणी यायला अवकाश होता. पण या घरात तिचा कान तिच्याआधी लोकांनाच हवा असे.

नवव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि सुमतीचे कान गेले. वाचा शाबूत राहिली, फक्त आवाज जरा सपाट आणि वरच्या पट्टीतला. पुढं ठाण्यात मुक्या-बहिऱ्यांच्या मेळाव्यात तिला केसरीनाथ भेटला. अंजूरच्या शेतकऱ्याचा पोरगा, जन्मापासून बहिरा, हातांनी इतकं भरभरून बोलणारा की शेजारच्याच्या ताटातली भजी उडावीत. चौऱ्याऐंशी साली दोघांनी लग्न केलं. तिच्या माहेरी कारकुनी आणि मास्तरकी चालत आलेली. तिथं कुरकुर झाली. पण बहिऱ्या पोरीला दारात दुसरं स्थळ उभं नव्हतं, म्हणून कुरकुरीचं पुढं मोठेपण झालं.

आता अठ्ठ्याण्णव साल. गेल्या पावसाळ्यात मुंबईला सुमतीच्या कवटीत ते यंत्र बसवलं. मुंबईच्याच एका ट्रस्टनं सगळा भार उचलला होता. हो कुणी म्हटलं? तिनंच. का म्हटलं? हवं होतं म्हणून. पण तिचा थोरला भाऊ प्रभाकर, कोर्टातला कारकून, गावभर सांगत सुटला की बहिणीला देवळातली घंटा ऐकायची होती. तिला कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या होत्या. चौदा वर्षं डाळ एक तर करपत होती नाही तर कच्ची राहत होती.

शिट्ट्या आता ऐकू येत, पण शुक्रवारी. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी कुकर ऐकू येई, मागून मारलेली हाक कळे, ठकुबाईचं तोंडातल्या तोंडात पुटपुटणंसुद्धा कळे. त्यामुळं ठकुबाईनं शुक्रवारी पुटपुटणं सोडलं होतं. बाकीचे सहा दिवस भिंतीपलीकडचे लूम सुरू असत आणि कमरेची डबी तो सगळा खडखडाट उचलून थेट डोक्यात ओतत असे, पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवावा तसा.

"दादा, लूमचा आवाज फार येतो," ती प्रभाकरला सांगे.

"कुठला आवाज?" प्रभाकर विचारी, आणि अगदी मनापासून विचारी. जन्म भिवंडीत गेलेला. त्याला लूम ऐकू येत नसत, जसा माणसाला आपला श्वास ऐकू येत नाही.

आणि टाळ्या! गल्लीतला जो उठे तो तिच्या पाठीमागं येऊन टाळी वाजवी. दूधवाला वाजवी, शेजारीण वाजवी, लग्नाला गेलं तर नवरदेवाची आत्या वाजवी. वळून पाहिलं तर "आलं, आलं, ऐकू आलं!" आणि नाही पाहिलं तर "पैसे फुकट गेले बिचाऱ्यांचे."

आज तर टाळी वाजवायला खुद्द ट्रस्टच्या माई मुंबईहून येणार होत्या. त्याहून वाईट म्हणजे प्रभाकरनं त्यांना केसरीनाथचाही शब्द देऊन टाकला होता. नवरा-बायको दोघांचं ऑपरेशन, दोघांचा एकत्र फोटो. केसरीनाथनं मात्र आधीच दोनदा नाही म्हटलं होतं. डॉक्टरही म्हणाले होते की जन्माचा बहिरा, वय अडतीस, एवढ्या उशिरा नुसता गोंगाट पदरी पडायचा, बोलणं उमगेल याची खात्री नाही. प्रभाकरचे कान धडधाकट, पण ते एवढं वाक्य त्यात शिरलं नव्हतं.

तो आला तो घाम पुसतच. सुमतीच्या समोर बसून हळू, मोठ्या ओठांनी म्हणाला, "हे बघ. माई त्याला विचारतील. तू हातांनी त्याला काहीही विचार. चहा घेणार का, असं विचार. तो मान हलवेल. पुढचं मी बघतो."

"आणि ऑपरेशनच्या टेबलावर झोपवाल तेव्हा? तिथंही चहाच विचारू?"

"सुमे, त्याच्या भल्याचंच आहे ना?"

"दादा, आज वार कुठला?"

"मंगळवार. का?"

सुमतीनं कपाळाला हात मारला. राख कपाळाला लागली ती लागलीच.

माई आल्या. साध्या सुती साडीतल्या, वयस्क, बोलायला गोड. सुमतीनं हात धुऊन यंत्र लावलं आणि डोक्यात खडखडाट सुरू झाला. केसरीनाथ लूमच्या कामावर खाडा करून घरी थांबला होता. घडीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसला होता, पोलिसात बोलावल्यासारखा.

"आता बघा हं माई," प्रभाकर म्हणाला. सुमतीला भिंतीकडं तोंड करून बसवलं. माईंनी टाळी वाजवली. सुमती बसूनच. पुन्हा वाजवली. सुमती भिंतीवरची पाल बघत होती. ठकुबाईला राहवेना. तिनं परात उचलली, त्यातले उरलेले निवटे मोरीत झटकले आणि पळी घेऊन घणाघण सुरू केलं, "सुमते! आयकू येतंय कं न्हाय? गो सुमते!"

"मशीन बंद असेल," प्रभाकरनं खुलासा केला. "तसं तिला सगळं ऐकू येतं. अगदी सगळं."

"काय म्हणालात?" माईंनी कानाशी हात नेला.

"म्हटलं, सगळं ऐकू येतं!"

"अहो, मलाच काही ऐकू येत नाहीये! हा कसला आवाज आहे एवढा?"

"कुठला आवाज?" प्रभाकर आणि ठकुबाई एकदमच म्हणाले.

सुमती वळून बघत होती. माईंचा कानाशी नेलेला हात केसरीनाथनंही पाहिला आणि खुर्चीतच खदखदून हसला. त्याच्या कारखान्यात हे रोजचंच होतं. आत पाऊल टाकलं की सगळेच बहिरे, मुकादमापासून सूत भरणाऱ्या कांडीवालीपर्यंत सगळे हातांनी आणि ओठांनी बोलणार, आणि त्यात केसरीनाथ पहिल्या नंबरचा वटवट्या.

"याला विचारा," प्रभाकर घाईघाईनं ओरडला. "सुमे, विचार त्याला. माई वाट बघतायत." आणि डोळ्यांनी खूण केली. चहाची.

सुमती नवऱ्यासमोर उभी राहिली. तिनं हातांनी विचारलं ते नीट, डोक्याला बोट लावून, कापायची खूण करून, कमरेची डबी दाखवून: तुला हे हवंय का?

केसरीनाथनं झुरळ झटकावं तसा हात झटकला. मग पुढंही बोलला: हे लावल्यापासून तू माझ्याकडं बघत नाहीस. मी बोलत असतो आणि तू कुकरकडं वळतेस.

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला जास्तच राग आला. आजच बोलायचं होतं? पाहुण्यांसमोर? नंतर बघते तुला, असं तिनं एका बोटात सांगितलं आणि वळून आपल्या सपाट आवाजात म्हणाली, "नाही म्हणतो."

"पण का?" माईंनी ओरडून विचारलं.

"मी हो म्हटलं, तेव्हा का म्हणून विचारलं होतं का कुणी? मला हवं होतं, मी घेतलं. त्याला नको, तो घेणार नाही. एका घरात दोन माणसं राहतात, माई. भाजीसुद्धा आमची एक नसते."

प्रभाकर म्हणाला, "माई, ती जरा..."

"थांबा हो," माई म्हणाल्या. त्या सुमतीकडंच बघत होत्या. "नाही तर नाही. दुसरं कुणीतरी वाट बघत असेल. मला तर त्यांचा होकार आहे असं कळवलं होतं." मग त्या प्रभाकरकडं वळल्या. प्रभाकरनं चष्मा काढून पुसायला घेतला.

माई गेल्यावर तो दारातच फुगून बसला. "माझा शब्द गेला."

"तुझाच होता, दादा. त्याचा नव्हता," सुमती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी कुणाला आणशील तर शुक्रवारी आण."

"शुक्रवारचं काय मध्येच?"

चौदाव्यांदा सांगून जे शिरलं नाही ते पंधराव्यांदा काय शिरणार.

ठकुबाई भिंतीला टेकून बसली होती. "एकदा तरी मागनं हाक मारली आन् तो वळला आसता," ती म्हणाली. "अडतीस वर्सं झाली, मीच फुडं जात्ये."

सुमतीनं तिच्याकडं पाहिलं. यावर चिडावं तरी कसं, तेच कळेना. "आई, मग आजही पुढंच जा," ती म्हणाली, पण जरा हळू. "चहा विचारा त्याला. आता खरंच विचारा."

तिनं चकती काढली. लूम थांबले, गल्ली थांबली, प्रभाकरचे ओठ तेवढे हलत राहिले. डबी फडताळात गेली आणि ती मोरीपाशी आली, तर मोरीत एकही निवटा नाही. सगळे मोकळे सुटलेले. एक उंबऱ्यावर, दोन चुलीमागं, एक प्रभाकरच्या चपलेत. केसरीनाथ गुडघ्यांवर बसून पाण्याच्या पिंपाखाली बोट दाखवत होता: तीन, आणखी तीन.

तिनं मूठभर राख घेतली आणि पिंपाखाली हात घातला.