ओझरला सापडलेला अर्थ

श्रीवर्धनहून पहाटे निघालो तेव्हा गाडीत आम्ही तिघं होतो: मी, बाबा आणि चादरीत गुंडाळलेलं आमच्या होडीचं इंजिन. बाबा पुढे बसायलाच तयार होईनात. मागच्या सीटवर इंजिनाचं डोकं मांडीवर घेऊन ते आजारी नातवाला घेऊन बसावं तसे बसले. हे इंजिन माझ्याहून चार वर्षांनी मोठं. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं आणि दोरी ओढून चालू करायचं. त्याच्या जिवावर बाबांनी आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं केली, लग्नंही उरकली.

गेल्या पावसाळ्यात होडी वर ओढल्यावर बाबांनी इंजिन सगळं खोललं, घासलं आणि निळ्या रंगाने नटवलं. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवलं, तर ते ढिम्म. गावच्या तीन मिस्त्र्यांनी तपासून एकच सांगितलं, ठिणगी पडत नाही, भंगारात घाला. तेव्हापासून बाबा बंदरावर जायचे बंद झाले. माझीही जीभ तिखट. "या वयात लुडबुड कशाला करायची?" असं एकदा मी बोलून गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

धाकटी बहीण नाशिकला, सातपूरला असते. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर जुनी इंजिनं बघतात, असं तिच्या नवऱ्याने कळवलं. निघताना बाबा म्हणाले, "नाशकातही नाही जमलं तर होडी विकून टाक. माझे हात गेले."

कसारा घाट चढून इगतपुरीला पोचलो, तर हवालदाराने गाडी थांबवली. चादरीकडे बघून त्याने विचारलं, "मागे कोण झोपलंय?"

"पेशंट," बाबा म्हणाले.

त्याने चादर उचलून पाहिली. "कुठं नेताय?"

"ओझरला."

"मग होईल बरं. तिथं विमानं बरी करतात." आणि त्याने हात हलवून आम्हाला सोडलं. बाबा किती दिवसांनी हसले.

सातपूरला बहिणीकडे मुक्काम केला. सकाळी मेहुण्यांनी मिसळ खायला नेलं. इथे मिसळीबरोबर पापड देतात, आणि रस्सा काळ्या मसाल्याचा. वाढणारा म्हणाला, "काका, तर्री (रश्श्यावर तरंगणारं तिखट तेल) जपून घ्या हां." माशाच्या कालवणावर वाढलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे काय! बाबांनी दोन पळ्या ओतून घेतल्या आणि मग पुढचा अर्धा तास त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं ते टाळत आलेत. मी पुन्हा विषय काढला, तर त्यांनी तोंडात पापड घातला.

ओझरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. काढणी ऐन भरात होती. क्रेट भरलेले टेम्पो पिंपळगावच्या दिशेने धावत होते. "खाडी नाही, समुद्र नाही, इथे होडीचं इंजिन कोण ओळखणार?" बाबा पुटपुटले. मलाही तीच धाकधूक होती, पण मी गाडी चालवत राहिले.

त्या फिटरची, भास्करनानांची, शेड त्यांच्या बागेच्या कडेलाच होती. पासष्टीचे, काटक, कानावर पेन्सिल. त्यांनी आधी इंजिनाला हात लावलाच नाही. बाबांना खुर्ची दिली आणि विचारलं, "काका, चालायचं तेव्हा आवाज कसा होता?" बाबांनी तोंडाने आवाज काढून दाखवला. नाना डोळे मिटून ऐकत होते.

मग त्यांनी प्लग काढून वायरीला जोडला आणि एका उघड्या बोल्टला टेकवून धरला. बाबांनी दोरी ओढली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. चाकाखालचे पॉइंट (ठिणगीची वेळ साधणाऱ्या दोन छोट्या टिकल्या) पॉलिश पेपरने घासले, तरी नाही. दुपार झाली. नानांच्या घरच्या काकूंनी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. बाबांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली.

जेवणानंतर नाना बॅटरी आणि बल्ब घेऊन बसले. एक वायर इथे लाव, दुसरी तिथे, असं बराच वेळ चाललं. मग मान हलवत म्हणाले, "ताई, याला अर्थच नाय."

माझा पारा चढला. "एवढ्या लांबून आम्ही हे ऐकायला आलो का?"

ते हसले. "तसा अर्थ नाय हो. अर्थिंग. विजेला जायला वाट लागती, तशी परत यायलाही लागती. ती नाय मिळाली तर आपलीच वाट लागती." त्यांनी ठिणगीची वीज बनवणारी कॉइल सोडवून बाजूला घेतली. तिच्या बैठकीच्या जागी छान, गुळगुळीत, जाड निळा रंग बसला होता. "हितं कोरं लोखंड पायजे. रंग मधी आलाय. कोणी दिला रंग?"

मी बाबांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. खाडीवरच्या निम्म्या होड्यांची इंजिनं ज्या माणसाने दुरुस्त केली, त्याच्या हातून हे झालं होतं. "मी दिला," मी म्हटलं.

बाबाच म्हणाले, "ती खोटं बोलते. रंग मी दिला. कडा दिसत नव्हत्या मला. कुणाला विचारायची लाज वाटली."

ते कुणाला विचारणार होते? घरात मीच तर होते.

नानांनी पॉलिश पेपरचा तुकडा बाबांच्या हातात दिला. "घ्या काका, तुम्हीच घासा. डोळे कशाला पायजेत त्याला? लोखंड लागलं की बोटाला कळतं. माझंबी आता तसंच चालतं."

बाबा घासत बसले. मधेच थांबून बोट फिरवायचे, पुन्हा घासायचे. शेवटी म्हणाले, "हं. लागलं." नानांनी वाकून पाहिलं. बैठक लख्ख उघडी झाली होती.

बागेवर औषध मारायचा निळा ड्रम पाण्याने भरून इंजिन त्यात अडकवलं. बाबांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ते खोकलं, निळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. ड्रममधलं पाणी उसळून आमच्या अंगावर आलं. सकाळी बाबांनी तोंडाने काढला होता, अगदी तोच आवाज. मी सरळ रडले. नानांनी माझ्याकडे पाठ करून काकूंना चहा ठेवायला सांगितलं.

परतताना घाटात ऊन कलत होतं. म्हाताऱ्या माणसाला जपायचं म्हणजे त्याच्या हातातली कामं काढून घ्यायची, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. मी लुडबुड म्हटलं होतं, त्याबद्दल बाबांची माफी मागितली. बाबा म्हणाले, "पुढच्या पावसात रंग तू दे. कुठे द्यायचा नाही, तेवढं मी सांगतो."