घट्ट झालेले वाळे

नंदुरबारजवळच्या रनाळ्यातल्या आमच्या घरात खाण्यापिण्याची वाण कधीच नव्हती. गोठ्यात दुभती म्हैस, कोठीत ज्वारी आणि गहू, माळ्यावर तुरीची डाळ, स्वयंपाकघरात शेंगदाण्याच्या तेलाचा डबा. या घरातलं लहान मूल कुपोषित होतं आणि दसऱ्यापर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती माझ्या भावाची मुलगी. नुकती चालायला लागली होती तेव्हा, भर पावसाळ्यात, तिला जुलाब लागले. त्याच सुमारास माझ्या भावजयीला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं आणि मुलीचं अंगावरचं दूध एका दिवसात तोडलं गेलं. गरोदर बाईचं दूध पोराला बाधतं, असं आमच्याकडे समजतात. जुलाब थांबले. पथ्य मात्र थांबलं नाही. दूध जड, डाळ वातूळ, तेल-तुपाचं नाव काढायचं नाही. साबुदाण्याची पेज, भाताचं पाणी आणि चहात बुडवलेलं बिस्किट, एवढंच तिला मिळत होतं. हे पथ्य माझी आई, जिला आम्ही माय म्हणतो, स्वतः सांभाळत होती. कुणी लपवून चमचाभर वरण भरवलं तर ती त्या माणसाशी दिवसभर बोलत नसे. हयगय कुठेच नव्हती.

दसऱ्याला मी नाशिकहून घरी गेले. तिथे मी वर्तमानपत्रात काम करते. त्याआधी बरीच वर्षं नंदुरबार जिल्ह्याच्या बातम्या करत होते. माय ओट्यावर नातीला पुढे घेऊन बसली होती.

"दख, कशी भरी गयी मन्ही नात," ती मला म्हणाली. "वाळा सुद्धा घट्ट व्हई ग्यात. आते सोनारकडे न्यावा लागतीन."

शेजारची बाई म्हणाली, "काजळ लाव वं माय, नजर लागी जाई."

मुलीचा चेहरा गोल होता, गाल तुकतुकीत. पायातले चांदीचे वाळे मांसात रुतले होते. केस विरळ झाले होते आणि त्यांच्यावर तांबूस झाक आली होती. तिच्या हातात बिस्किट होतं. शेजारची कोंबडी ओट्यावर चढली, तिने ते बिस्किट मुलीच्या हातातून ओढून नेलं. मुलीने हात मागे घेतला नाही. ती रडलीही नाही. कोंबडी गेली त्या दिशेला तिने पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी भावजयीने मला आतल्या खोलीत बोलावलं. मुलगी तिच्या मांडीवर होती.

"ताई, तुम्ही दखा," ती म्हणाली. "वाळा वर सरकाडा का तठे खड्डा तसाच ऱ्हास. आईले सांगं, ते त्या म्हनतस, बाळसं शे."

मी पावलाच्या वरच्या बाजूला अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा राहिला. दुसऱ्या पायावरही राहिला. सातपुड्यातल्या धडगावच्या दवाखान्यात डॉक्टर हीच तपासणी करताना मी अनेकदा पाहिली होती. कुपोषणाच्या बातमीसोबत वर्तमानपत्रात बरगड्या दिसणाऱ्या मुलाचा फोटो जातो. सुजलेल्या मुलाचा फोटो सहसा जात नाही, कारण ते मूल गुटगुटीत दिसतं.

संध्याकाळी भावजयीने विषय काढला. मुलीला नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात, कुपोषित मुलांच्या वॉर्डात न्यायचं, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं.

माय उभी राहिली. "कुपोषित? ती काय धडगावना डोंगरमाइन उनी का? मन्हा घरमा म्हैस शे! लोके काय म्हनतीन?"

"म्हैस घरमा शे, आई," भावजय म्हणाली. "पोरीना पोटमा नही."

लग्न होऊन आल्यापासून ती सासूला उलट बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. माझा भाऊ जेवण अर्धवट ठेवून उठला. बायकोची बाजू घेतो की आईची, हे पाहायला आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. तो बाहेर जाऊन गाडीत डिझेल किती आहे ते बघून आला. सकाळी आम्ही निघालो. माय बोलवायच्या आधीच पुढच्या सीटवर बसली होती.

वॉर्डात नर्सने पहिल्यांदा वाळे काढायला सांगितले. साबण लावून, फिरवून फिरवून ते काढावे लागले. कातडी सोलवटली तरी मुलीने पाय ओढून घेतला नाही. मायने वाळे पदराच्या टोकाला बांधले आणि घट्ट गाठ मारली.

डॉक्टर बाईंनी भावजयीला समोर बसवून सांगितलं ते असं. मुलीच्या पोटात पिष्ट आणि साखर जात होती. शरीर बांधायला लागणारी प्रथिनं आणि तेल-तूप जात नव्हतं. अशा शरीरात पाणी जिथे राहायला हवं तिथे राहत नाही, ते पायांत आणि चेहऱ्यात झिरपतं. केसांचा रंग त्यानेच उतरला. रोगाशी लढण्याची ताकद कमी झाली, म्हणून साधी सर्दीही अशा मुलाच्या जिवावर बेतू शकते. याच वयात मेंदू सर्वांत जास्त वाढतो, त्याला पोषण मिळालं नाही तर पुढे उंची, बोलणं, शिकणं सगळ्यावर परिणाम राहू शकतो. आणि एकदम पोटभर खायला दिलं तर हृदयाला झेपणार नाही. म्हणून औषधं, ऊब, आणि तेल-साखर घालून केलेलं दूध, थोडं थोडं, दिवसरात्र.

दूध म्हटल्यावर माय पुढे झाली. "डागदरबाई, जुलाब व्हतीन!"

"होऊ दे, आम्ही आहोत ना," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

पुढच्या खाटेवर धडगावच्या वरच्या पाड्यावरून आलेली बाई होती. ती मुलाशी पावरी बोलीत बोलायची आणि आमच्याशी बाजारातल्या मराठीत. मायने आपली पिशवी त्या खाटेपासून लांब, भिंतीकडे सरकवून ठेवली होती.

काही दिवसांनी मुलीचं वजन केलं. ते आधीपेक्षा कमी भरलं. तिचे गाल बसले होते, पायांच्या काड्या दिसत होत्या. आली तेव्हा ती धडधाकट दिसत होती. आता ती खरोखरच बातमीतल्या फोटोसारखी दिसत होती.

मायने पिशवी उचलली. "आठे आनी अन् पोर आखो वाळी गयी! चाल, घर चाल. इतलं दूध पाजं अन् वजन घटनं? हाई कसानी दवा शे?"

भावजय हलली नाही. मुलगी तिच्या कुशीत होती, वाटी-चमचा हातात होता. "मी आठेच ऱ्हासू, आई. तुमले जानं व्हई ते जा."

"अन् पोरले काही व्हयनं ते?"

भावजयीने वाटी ढवळली. ती पुढचा चमचा भरत राहिली. वजन सुरुवातीला घटेल हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण त्या क्षणी तिलाही त्याची खात्री वाटत नसावी, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

तेव्हा पुढच्या खाटेवरची बाई बोलली. "ओ आजी, आधी पाणी जाते. मग पोरगं येते. माझा पण असाच वाळला होता." तिने मांडीवरच्या मुलाचा पाय मायसमोर धरला. "दाब ना. पण जास्त जोरात नको, हा मारते."

मायने वाकून तो पाय पाहिला. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि त्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही. मुलाने दुसरा पाय उचलून थेट तिच्या हनुवटीवर मारला.

वॉर्ड हसला. माय हनुवटी चोळत म्हणाली, "जोर शे वं तुन्हा आंडोरमा!" आणि स्वतःही हसली. पिशवी तिने पुन्हा भिंतीकडे नेली नाही. दुपारी घरून भाकरी आली तेव्हा त्यातली अर्धी पुढच्या खाटेवर गेली.

त्यानंतर वाटी-चमचा मायने ताब्यात घेतला. पथ्य ज्या काटेकोरपणे पाळलं होतं त्याच काटेकोरपणे आता दूध जात होतं. नर्सला वेळेची आठवण तीच करून देऊ लागली. वजन थांबलं, मग चढू लागलं. मुलगी आवाजाच्या दिशेला वळून पाहू लागली. एका सकाळी वाटी रिकामी झाली म्हणून तिने मायच्या पोटात लाथ मारली आणि मोठ्याने भोकाड पसरलं.

माय वाटी घेऊन वॉर्डभर फिरली. "लाथ मारी! मन्ही नातनी माले लाथ मारी!"

डॉक्टर बाईंनी पाय दाबून पाहिले. खड्डा पडला नाही. तपासणीला पुन्हा येण्याच्या अटीवर त्यांनी घरी सोडलं. पदराची गाठ सोडून मायने वाळे घातले; ते इतके सैल होते की पाय झटकताच निघून पडले. तिने ते पुन्हा गाठीत बांधले.

होळीला मी परत गेले तेव्हा घरात नवं बाळ आलेलं होतं आणि ते आईच्या दुधावर होतं. मुलीच्या आहारात वरण, भाकरी, दूध, शेंगदाण्याची चटणी, सगळं होतं. गल्लीतली एक बाई आपलं बाळ घेऊन आली आणि कौतुकाने म्हणाली, "दख आजी, कसं भरी गयं!" मायने आधी बाळाच्या पावलावर अंगठा दाबला, तिथे नीट पाहिलं आणि मगच मान हलवली. हे ती आता प्रत्येक बाळाच्या बाबतीत करते. काही जणींना राग येतो. ती ऐकत नाही.

मुलगी ओट्यावर बसली होती. पायात वाळे होते, ना सैल ना रुतलेले. हातात दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी. शेजारची कोंबडी चढून आली आणि तिने वाटीकडे मान लांबवली. मुलीने वाटी छातीशी धरली, एक पाय उचलून जोरात आपटला. वाळा वाजला. कोंबडी फडफडत अंगणात उतरली. मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. वाटी सांभाळत ओट्यावरून खाली उतरली आणि कोंबडीच्या मागे पळत सुटली.